राजपुत्र, करारनामा आणि याद्या

राजघराण्यातला नायक आणि सोयीसाठी ठरवलेले लग्न या दोन गोष्टींवर उभी राहिलेली प्रेमकादंबरी मी आवडीने वाचते आणि गांभीर्याने वाचते. अशा कादंबऱ्यांचा विषय निघाला की लोक राजवाड्याबद्दल, हिऱ्यामोत्यांबद्दल, नायकाच्या रुबाबाबद्दल बोलतात. माझे लक्ष मात्र दर वेळी एकाच प्रसंगाकडे लागलेले असते, आणि तो प्रसंग बहुधा पहिल्या चार-पाच प्रकरणांतच येऊन जातो. लांबलचक टेबलाच्या एका बाजूला राजपुत्र आणि त्याचे वकील बसलेले असतात, दुसऱ्या बाजूला नायिका एकटी असते आणि मध्ये करारनामा ठेवलेला असतो. नुकत्याच वाचलेल्या एका कादंबरीतली नायिका राजपुत्राच्या आजारी आजीची परिचारिका होती. वकील घड्याळाकडे पाहत असताना तिने करारनाम्याचे प्रत्येक पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, आपल्या धाकट्या भावाला राजवाड्यात राहता येणार नाही हे कलम शांतपणे खोडले, आणि समासात आपल्या अक्षरात नवे कलम लिहिले. राजपुत्राने ते वाचले, तिच्याकडे पाहिले आणि त्या ओळीशेजारी आपल्या नावाची आद्याक्षरे घातली. पुढे त्या दोघांत जे काही घडले, ते माझ्या मते त्या समासातच सुरू झाले होते.

या प्रकारात कथेचा सांगाडा जवळजवळ ठरलेला असतो आणि वाचकाला तो आधीच ठाऊक असतो. युरोपच्या नकाशावर न सापडणारे एखादे छोटे राज्य किंवा वाळवंटातली एखादी अमिरात असते. थोरला भाऊ अपघातात गेल्यामुळे धाकट्यावर अचानक गादी आलेली असते, किंवा राज्याभिषेकापूर्वी विवाह झालाच पाहिजे अशी घटनेत तरतूद असते, किंवा ठरलेली वधू आयत्या वेळी निघून गेलेली असते. नायिकेवर कर्ज असते, आजारपण असते, भावंडांची जबाबदारी असते. वर्षभराचे लग्न, वेगळी दालने आणि ‘यात प्रेम आणायचे नाही’ हे अलिखित कलम ठरते. मग एकमेकांच्या सवयी कळू लागतात, एखाद्या आजारपणात किंवा एखाद्या सभेत एकाला दुसऱ्याची बाजू घ्यावी लागते, गैरसमज होतो, ताटातूट होते, आणि शेवटी ज्याला आयुष्यात कधी कोणाची क्षमा मागावी लागली नाही, असा तो राजा तिच्या दारात येऊन उभा राहतो. १९०८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या आणि १९७१ मध्ये कॅनडातल्या हार्लेक्विनने विकत घेतलेल्या मिल्स अँड बून या प्रकाशनसंस्थेने सुमारे ५०,००० शब्दांच्या आटोपशीर कादंबऱ्यांतून हा सांगाडा जगभर पोचवला. आपल्याकडे तिची अधिकृत शाखा २००८ मध्ये सुरू झाली, पण तिची पुस्तके त्याच्या कितीतरी आधीपासून रद्दीच्या दुकानांतून आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या लायब्रऱ्यांतून फिरत होती.

नायक राजाच का असावा लागतो, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर ‘श्रीमंती’ असे दिले जाते. ते मला पुरेसे वाटत नाही. श्रीमंत उद्योगपती नायकांच्या कादंबऱ्याही भरपूर असतात आणि त्यांच्याकडे विमानेही असतात. राजाजवळ वेगळे असते ते बंधन. आजच्या काळात ज्याला अमुक मुदतीच्या आत, अमुक घराण्याच्या इच्छेने, वंश चालवण्यासाठी लग्न करणे भाग आहे, ज्याच्या लग्नाची चर्चा त्याला वगळून वडीलधारी माणसे करतात, ज्याचे वय वाढत चालल्याची चिंता गावभर केली जाते, असा पुरुष गोष्टीसाठी शोधायचा झाला, तर तो राजघराण्यातच सापडतो. आपल्या घरातल्या मुली ज्या जागेवर पिढ्यानपिढ्या बसत आल्या, त्या जागेवर ही कादंबरी एका बलाढ्य पुरुषाला आणून बसवते. त्याला सगळे काही आहे, फक्त ‘नाही’ म्हणण्याची मुभा नाही. त्याची ती घुसमट वाचताना माझ्यासारखीला ती परकी वाटत नाही, आणि नायिकेला त्याच्याविषयी पहिल्यांदा जी आपुलकी वाटते तिचा उगमही मला तिथेच दिसतो.

असली कलमे लेखकाच्या मेंदूतून निघतात असेही नाही. मोनॅको आणि फ्रान्स यांच्यात १९१८ मध्ये झालेल्या तहानुसार तिथली गादी वारसाअभावी रिकामी राहिली असती, तर त्या चिमुकल्या राज्याचे स्वातंत्र्य जाऊन ते फ्रान्सच्या संरक्षणाखाली गेले असते. राजा रेनिए तिसरे यांनी १९५६ मध्ये अमेरिकन अभिनेत्री ग्रेस केली यांच्याशी विवाह केला, तेव्हा हे कलम लागू होते. ते बदलायला २००२ साल उजाडावे लागले. नॉर्वेचे आजचे राजे हाराल्ड युवराज होते, तेव्हा सोन्या हाराल्डसेन या कापडव्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न करण्याची परवानगी मिळवण्यासाठी त्यांना नऊ वर्षे थांबावे लागले आणि १९६८ मध्ये ते लग्न झाले. ब्रिटनमध्ये वारसाक्रमातल्या पहिल्या सहा व्यक्तींना आजही लग्नासाठी राजाची संमती घ्यावी लागते.

मी ठाण्यात राहते. अशा कादंबऱ्या वाचणाऱ्या माणसाने राहण्यासाठी याहून योग्य गाव नसेल असे मला मनापासून वाटते, कारण मुंबई आणि ठाणे यांच्यामध्ये एके काळी दोन राज्यांची जी सीमा पडली, ती एका राजाच्या सोयीच्या लग्नाने पडली. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगांझा आणि इंग्लंडचा राजा चार्ल्स दुसरा यांच्या विवाहाचा तह जून १६६१ मध्ये झाला. पोर्तुगालला स्पेनविरुद्ध लष्करी मदत हवी होती आणि नुकत्याच गादीवर परतलेल्या चार्ल्सला पैसा हवा होता. वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी), आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे टँजिअर आणि मुंबईचे बंदर व बेट असा हुंडा ठरला. मुंबई आंदण गेली हे आपण शाळेत शिकतो, पण त्या आंदणात नेमके काय काय येते यावर जो वाद झाला तो ठाणेकरांच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. इंग्रजांचे म्हणणे होते की मुंबईबरोबर शेजारचे साष्टी बेट आणि ठाणे ही येतातच. पोर्तुगीज अधिकारी म्हणाले की तहात लिहिले आहे तेवढेच मिळेल. ताबा घ्यायला आलेले सर अब्राहम शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत राहिले आणि १६६४ मध्ये तिथेच वारले. त्यांचे बहुतेक सैनिकही तिथेच आजाराने मेले. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुक याने उरल्यासुरल्या माणसांनिशी मुंबईचा ताबा घेतला. गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आंतोनियो दे मेलो द कास्त्रो याने आपल्या राजाला कळवले होते की मी केवळ आज्ञा म्हणून हे करतो आहे, पण इंग्रज ज्या दिवशी मुंबईत स्थिरावतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला असे समजावे. तीन वर्षांनी, १६६८ मध्ये, चार्ल्सने ती बेटे ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली.

ठाणे मात्र त्या आंदणाबाहेर राहिले. ते पोर्तुगीजांकडेच होते, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकले आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतले. मासुंदा तलावाकाठचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आणि आज ज्याच्या आत मध्यवर्ती कारागृह आहे तो किल्ला यांच्याजवळून जाताना मला त्या करारातले ते संदिग्ध कलम आठवते. एका वाक्याचा अर्थ निराळा लागला असता, तर या गावाचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास निराळा झाला असता.

माझे मन अधिक गुंतते ते खुद्द कॅथरीनमध्ये. लग्न झाले तेव्हा ती २३ वर्षांची होती आणि चार्ल्स बत्तिशीच्या उंबरठ्यावर होता. मे १६६२ मध्ये पोर्टस्मथला लग्न लागले. आधी खासगीत कॅथलिक विधी आणि मग जाहीर अँग्लिकन विधी. ठरलेली रक्कम पूर्ण आलीच नव्हती, तिचा काही भाग साखर आणि मसाल्याच्या मालाच्या रूपाने जहाजांतून आला होता, म्हणजे देण्याघेण्यातली ओढाताण वधूच्या सामानाबरोबरच बंदरात उतरली होती. थोड्याच दिवसांत राजाने आपली प्रेयसी बार्बरा हिला राणीची खास दालनसखी नेमायचे ठरवले. कॅथरीनने नेमणुकांच्या यादीतून तिचे नाव खोडले. बार्बराची समोरासमोर ओळख करून दिली तेव्हा राणीला भोवळ आली. राजाने हट्ट सोडला नाही आणि शेवटी तिलाच माघार घ्यावी लागली. तिला मूल झाले नाही. राजाला इतर स्त्रियांपासून झालेली आणि त्याने आपली म्हणून मान्य केलेली मुले बाराच्या वर होती. असे असताना, राणीला घटस्फोट देऊन प्रोटेस्टंट राजकन्येशी लग्न करा असा दरबाऱ्यांचा आग्रह वाढला, तेव्हा चार्ल्सने तो मानला नाही. १६७८ मध्ये राजाला विष देण्याच्या कटात राणी सामील असल्याचा खोटा आरोप झाला, तेव्हा तो तिच्या बाजूने ठाम उभा राहिला. १६८५ मध्ये तो मरणशय्येवर असताना तिने क्षमा मागणारा निरोप पाठवला, त्यावर क्षमा तर मीच तिची मागायला हवी, असे त्याने म्हटल्याचे नोंदलेले आहे.

कादंबरीच्या सांगाड्यातला जवळजवळ प्रत्येक टप्पा या हकिगतीत आहे: करार, परका देश, अपमान, वारसाचा तगादा, ऐन संकटात तिची घेतलेली बाजू, आणि अखेरची क्षमायाचना. फरक असा की क्षमा यायला २३ वर्षे लागली आणि ती मृत्यूच्या दारात आली. कादंबरी नेमका हाच उशीर नाकारते. ती म्हणते, क्षमा मागायचीच असेल तर शेवटच्या प्रकरणात मागा, शेवटच्या दिवशी नको. तिच्यापुढे अजून आयुष्य उरलेले असताना मागा. या आग्रहाला स्वप्नरंजन म्हणून हसणाऱ्यांनी तो आग्रह मुळात न्यायाचा आहे हे पाहायला हवे. आणखी एक गोष्ट मला नोंदवाविशी वाटते. कॅथरीनला आपला कॅथलिक धर्म पाळता येईल आणि तिचे स्वतंत्र प्रार्थनालय असेल, हे त्या तहात लिहिलेले होते. इंग्लंडमध्ये कॅथलिकांविरुद्ध वातावरण पेटले तेव्हाही ते एक कलम तिच्या कामी येत राहिले. तिच्या वतीने इतरांनी घातलेले का होईना, पण लिहिलेले कलम होते.

आपल्याकडे लग्न ठरताना असे काही लिहिले जात नाही, असे वाटेल. पण आपल्याकडे याद्या असतात. ज्यांनी याद्या होताना पाहिल्या असतील त्यांना तो कागद डोळ्यांसमोर येईल. फुलस्केप कागदाच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेले, माथ्यावर ‘श्री गजानन प्रसन्न’, खाली मुहूर्त, कार्यालय, कोणत्या बाजूची किती माणसे, सीमांतपूजन कोणाचे, सकाळचा फराळ कोणाकडे, मानाच्या साड्या किती, करवलीचा आहेर काय, खर्च निम्मा निम्मा की कसा, आणि शेवटी ‘वधूपक्षातर्फे’ व ‘वरपक्षातर्फे’ म्हणून वडीलधाऱ्यांच्या सह्या. कायद्याच्या दृष्टीने या कागदाला फारसे वजन नाही, पण तो मोडला तर दोन घरांत वर्षानुवर्षे अबोला राहू शकतो. त्या बैठकीत वधू असते ती आतल्या खोलीत. माझ्या याद्या झाल्या तेव्हा मीही आतच होते. सह्या झाल्यावर हाक आली, मी बाहेर जाऊन सर्वांना वाकून नमस्कार केला आणि पेढा घेतला. माझी माणसे प्रेमळ होती, सासरची माणसेही समंजस होती आणि पुढे माझा संसार चांगला झाला. तरीही त्या कागदावरचा सर्वांत मोठा व्यवहार माझा होता आणि त्यावर माझे अक्षर कुठेच नव्हते, ही गोष्ट त्या नायिकेने समासात कलम लिहिले तेव्हा मला फार तीव्रतेने जाणवली.

माझ्या भाचीच्या याद्या नौपाड्यातल्या आमच्याच घरी झाल्या. माझे भाऊ लिहायला बसले होते. सगळी कलमे झाली, तारीख घातली, आणि सहीसाठी कागद फिरवणार एवढ्यात भाची मुलाच्या वडिलांना म्हणाली, “काका, एक ओळ माझी घालायची आहे.” मग तिने सांगितले की लग्नानंतर तिची ऐरोलीची नोकरी चालू राहील आणि आपल्या पगारातून आईबाबांना दरमहा काही द्यायचे की नाही, हे तिचे ती ठरवील. भावाचा हात थांबला. ही बोलायची गोष्ट आहे, लिहायची कशाला, असे कोणीतरी हळूच म्हणाले. मुलाच्या आजी सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “लिही रे, तोंडी ठरलेलं विसरायला होतं.” ओळ लिहिली गेली. मुलगा समोर बसला होता, त्याने तिच्याकडे पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आले त्याला मी आदर म्हणेन. प्रेमविवाह नव्हता तो. दोघे भेटून फार दिवसही झाले नव्हते. पण एखाद्या मुलीला काय हवे आहे हे तिच्याच तोंडून, सर्वांसमक्ष, नीट शब्दांत ऐकायला मिळणे हा पुरुषाच्या आयुष्यातलाही दुर्मीळ क्षण असतो, आणि आकर्षणाची सुरुवात अशा क्षणी होऊ शकते हे त्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या बायकांना फार आधीपासून ठाऊक आहे.

मराठ्यांच्या इतिहासातली राजघराण्यांची लग्नेही सोयरिकीच्या हिशेबाने होत असत. शिवाजीमहाराजांनी आपली कन्या राजकुंवरबाई शिर्क्यांच्या गणोजींना दिली आणि शिर्क्यांची मुलगी सून करून आणली, त्या येसूबाई. दोन घराणी बांधण्यासाठी केलेल्या या साट्यालोट्यातला जावई पुढे वतनाच्या वादातून मोगलांना मिळाला. सून मात्र उभी राहिली. संभाजीराजांनी त्यांना ‘श्री सखी राज्ञी जयति’ हा शिक्का दिला होता. १६८९ मध्ये राजांची हत्या झाल्यावर रायगडाला वेढा पडला, तेव्हा राजारामांनी बाहेर पडावे आणि आपण बाळ शाहूंसह गडावर राहावे हा निर्णय येसूबाईंनी घेतला. गड पडल्यावर त्या मोगलांच्या कैदेत गेल्या. शाहूराजे १७०७ मध्ये सुटले, येसूबाई १७१९ मध्ये परत आल्या. नवऱ्याने दिलेल्या शिक्क्यात ‘सखी’ हा शब्द असलेल्या त्या राणीच्या मनात आपल्या ठरवून झालेल्या लग्नाविषयी काय होते, हे कोणत्याही बखरीत नाही. इतिहासाचे साधन जिथे संपते तिथे कादंबरीचे काम सुरू होते असे मला वाटते, आणि राजघराण्यातल्या सोयीच्या लग्नाची कादंबरी तर नेमकी त्याच रिकाम्या जागेत लिहिली जाते.

बडोद्याच्या इंदिराराजे गायकवाडांचा उल्लेख केल्याशिवाय मात्र मला पुढे जाता येत नाही, कारण आपल्या लग्नाविषयी स्वतः बोलण्याचा हक्क त्यांनी उलट दिशेने बजावला. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी त्यांचे लग्न ठरलेले होते. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या सुमारास त्यांची कूचबिहारच्या राजपुत्र जितेंद्र यांच्याशी गाठ पडली आणि त्यांनी ठरलेले लग्न स्वतःच पत्र लिहून मोडले. १९१३ मध्ये लंडनमध्ये जितेंद्र यांच्याशी त्यांचा विवाह झाला तेव्हा त्यांचे आईवडील सयाजीराव आणि चिमणाबाई त्या लग्नाला नव्हते. पुढे १९२२ मध्ये जितेंद्र वारले आणि अल्पवयीन मुलाच्या वतीने इंदिराराजेंनी राज्यकारभार पाहिला. सोळा आणे कादंबरीत शोभेल असे हे आयुष्य होते आणि ते एका मराठी मुलीचे होते.

या प्रकारच्या कादंबऱ्यांत मला खटकणाऱ्या गोष्टीही आहेत आणि त्या लपवाव्यात असे मला वाटत नाही. जुन्या कादंबऱ्यांतला नायक पुष्कळदा दंडेली करतो आणि लेखिका तिला उत्कटता म्हणते. तो भाग आज मला वाचवत नाही. वाळवंटातल्या राज्यांची जी चित्रे रंगवली जातात, ती त्या देशांविषयीच्या अज्ञानातून आणि कधीकधी तुच्छतेतून आलेली असतात. वारस झाला की नायिकेचे सगळे प्रश्न सुटले, असे मानणारा शेवटचा परिच्छेद तर कॅथरीनसारख्या प्रत्येक स्त्रीवर अन्याय करतो. शिवाय राजाची सत्ता येते कोठून, त्याच्या तिजोरीत पैसा कोणाच्या शेतातून जमा होतो, याकडे ही कथा पाहतच नाही. आपल्या संस्थानांच्या वेठबिगारीच्या कहाण्या ऐकलेल्या माणसाला हे मौन जाचते. चांगली लेखिका असली तर ती नायिकेला त्या प्रश्नांपर्यंत नेते. तिच्या अटींमध्ये एखादी अट राज्यातल्या बायकांसाठीची असते. अशी कादंबरी हाती लागली की मी ती मैत्रिणींना आवर्जून देते.

माझ्या हाती ही पुस्तके आली ती सासूबाईंमुळे. त्या गावदेवीजवळच्या एका छोट्या लायब्ररीच्या सभासद होत्या आणि त्यांचे इंग्रजी शाळेपुरतेच होते, पण या कादंबऱ्यांपुरते ते पुरत असे. वाचून झालेले पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून त्या प्रत्येक पुस्तकातल्या ठरावीक पानाच्या आकड्याभोवती पेन्सिलीने बारीक वर्तुळ काढत. त्याच लायब्ररीत इतर बायकांच्याही खुणा होत्या: कोणाची फुली, कोणाचे दोन टिंब, कोणाचे आद्याक्षर. एखादे पुस्तक उघडले की आधी ते कोणाकोणाच्या घरातून आले आहे हे त्या पानावर कळे. दुपारी जेवणे उरकल्यावर त्या खिडकीपाशी बसत आणि त्या वेळेत घरातले कोणी त्यांना हाक मारत नसे. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८० च्या दशकात अशाच वाचक स्त्रियांशी बोलून लिहिले आहे की पुस्तकात काय आहे याच्याइतकेच, ते हातात असताना आपल्याला घरकामातून सुटून मिळणारा स्वतःचा वेळ या स्त्रियांना महत्त्वाचा वाटतो. सासूबाईंकडे पाहिलेल्या मला ते वाचताना नवल वाटले नाही. मी स्वतः आता बेलापूरच्या कचेरीत जाताना ठाणे-नेरुळ लोकलच्या बायकांच्या डब्यात फोनवर वाचते, आणि आजूबाजूच्या फोनांवरही करारनामे आणि राजपुत्र चालू असलेले मला दिसतात. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. कित्येक तर वाचकांनीच लिहिलेल्या मालिका असतात, रोज एक भाग.

त्या मालिकांतले राजपुत्र बहुधा राजस्थानातले किंवा युरोपातले असतात, याचे मला वाईट वाटते. आपल्या उंबऱ्याशी काय कमी आहे? २०१४ मध्ये पालघर वेगळा जिल्हा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेले जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. १९४८ मध्ये ते विलीन झाले. कोकणात, देशावर, दक्षिण महाराष्ट्रात अशी कितीतरी लहानमोठी संस्थाने होती, आणि १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने त्या राजांच्या पदव्या आणि तनखे एका फटक्यात गेले. तो काळ या प्रकारच्या कादंबरीसाठी फार योग्य आहे असे मला कित्येक दिवस वाटते आहे. नायक एका काल्पनिक संस्थानाचा वारस असावा, ज्याचा राजेपणा ऐन तिशीत कायद्याने संपला आहे, वाड्याचे छप्पर गळते आहे, भाऊबंदांनी दावे लावले आहेत, आणि आजीसाहेबांनी मृत्युपत्रात वाडा त्याच्या विवाहाशी बांधून ठेवला आहे. नायिका ठाण्याची असावी, मोडी वाचणारी, वाड्यातले दप्तर लावायला आलेली. वडिलांचे आजारपण आणि धाकट्या बहिणीचे शिक्षण तिच्या पगारावर चाललेले. राजाला गादी उरलेली नाही, तिला घराणे नाही, आणि दोघांनाही लग्नाची निकड आहे. दप्तरातल्या जुन्या याद्या ती रोज वाचते. कोणत्या राणीसोबत किती हत्ती आले आणि किती गावे आली हे तिला पाठ झालेले असते, आणि त्यात एकाही राणीची सही तिने पाहिलेली नसते. अशी मुलगी दिवाणखान्यात आपल्या लग्नाच्या बोलणीला स्वतः बसली, तर ती काय काय लिहून घेईल? हुंड्याचे नाव तर निघणार नाही. तो कायद्याने १९६१ मध्येच, कॅथरीनच्या तहानंतर बरोबर ३०० वर्षांनी, गुन्हा ठरला. बहिणीची फी, वडिलांचे औषधपाणी, दप्तराची किल्ली तिच्याकडे, आणि वाड्याभोवतीच्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या राबणाऱ्या कुळांच्या नावांचा कागद त्यांना परत, इतके तर ती मागेलच. ते बोलणे लेखिकेने घाईत उरकू नये. त्याला वीस-पंचवीस पाने द्यावीत, आजीसाहेबांच्या वेळचा कारकून लिहायला बसवावा, आणि नायकाला गप्प बसून ऐकायला लावावे.

कोणी ही कादंबरी लिहायला घेणार असेल तर मला जरूर कळवावे. सासूबाईंच्या ट्रंकेत त्यांच्या आणि त्यांच्या आईच्या लग्नाच्या याद्या अजून जपून ठेवलेल्या आहेत. त्या काळी काय देत, काय मागत, कोणत्या शब्दांत लिहीत हे सगळे त्यांत आहे, आणि ते कागद मी आनंदाने दाखवीन.